नवी हार्ड डिस्क आधी राबवून का पाहायची : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

घरच्या सर्व्हरमध्ये लावण्याआधी नवी हार्ड डिस्क राबवून, म्हणजे सगळ्या जागेवर लिहून-वाचून, पाहावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की हा सगळा डेटा सेंटरवाल्यांचा सोस आहे. कंपनी डिस्क तपासूनच पाठवते, वर तीन वर्षांची वॉरंटी असते, झेडएफएस या फाइल सिस्टीमचा मिरर (एकच डेटा दोन डिस्कवर) आणि बॅकअप असला की एक डिस्क गेल्याने काही अडत नाही. उलट नागपूरच्या मे महिन्यात पाच दिवस सलग पिदडली तर धडधाकट डिस्कही खराब व्हायची. यातला शेवटचा मुद्दा बराचसा खरा आहे आणि त्यापायी मी मूळ सल्ला बदलतो आहे. बाकीचे मुद्दे मात्र मला पटले नाहीत.

आधी बदल सांगतो. बॅडब्लॉक्स या लिनक्सच्या प्रोग्रामची पूर्ण लेखन-चाचणी चालवा, असं मी म्हटलं होतं. ती चार वेगवेगळे नमुने डिस्कभर लिहिते आणि प्रत्येक नमुना पुन्हा वाचून पडताळते, म्हणजे एकूण आठ फेऱ्या. ८ टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी १६० एमबी वेगाने चालली तर एका फेरीला १४ तास लागतात, आठ फेऱ्यांना साडेचार दिवसांच्या वर. लिहिणं-वाचणं मिळून ६४ टीबी होतं. रेड प्लस किंवा आयर्नवुल्फसारख्या नास (घरच्या छोट्या सर्व्हरसाठीच्या) डिस्कसाठी कंपनी वर्षाला १८० टीबीचा भार गृहीत धरते. म्हणजे वर्षाच्या भारापैकी एक तृतीयांशाहून जास्त आपण पहिल्याच आठवड्यात टाकला. आणि त्या चार नमुन्यांना आता फारसा अर्थही उरलेला नाही. आजची डिस्क आपण दिलेले बिट जसेच्या तसे तबकडीवर उमटवत नाही. आधी ते घुसळते, एन्कोड करते, मग लिहिते. त्यामुळे एकदा पूर्ण लिहा आणि एकदा पूर्ण वाचा, एवढं पुरेसं आहे. १६ टीबीचा भार, अंदाजे २८ तास.

नव्या डिस्क सुरुवातीलाच जास्त जातात का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, हेही मान्य. २००७ साली गूगलने आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात खूप वापर असलेल्या डिस्कमध्ये पहिल्या तीन महिन्यांत बिघाडाचं प्रमाण ठळक दिसलं. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अभ्यासाला असा सुरुवातीचा उंचवटा फारसा सापडला नाही; डिस्क बदलण्याचं प्रमाण वयाबरोबर वाढतच गेलेलं दिसलं. पण गूगलच्याच अभ्यासातला दुसरा आकडा आपल्या कामाचा आहे. डिस्कने स्वतःच्या पृष्ठभागाची तपासणी करताना पहिली चूक नोंदवली की पुढच्या ६० दिवसांत ती बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट निघाली. ती पहिली चूक रिप्लेसमेंटच्या मुदतीत दिसावी, एवढ्याचसाठी हा खटाटोप. दुसरी बाजू अशी की बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीच्या) सर्वांत बोलक्या चार आकड्यांपैकी एकानेही आधी सूचना दिली नव्हती. त्यामुळे चाचणीत पास झालेली डिस्क पाच वर्षं टिकेल, असं मी म्हणणार नाही.

आता झेडएफएस. स्क्रब, म्हणजे झेडएफएसची डेटा वाचून पडताळण्याची फेरी, सगळं पकडतो हा समज फार पसरलेला आहे. स्क्रब फक्त भरलेली जागा वाचतो. ८ टीबीच्या कोऱ्या मिररवर २०० जीबी फोटो टाकून स्क्रब केला, तर तेवढेच २०० जीबी वाचले जातात. उरलेल्या तबकडीकडे कोणी पाहिलेलंच नसतं. दोन वर्षांनी मिररची जागा भरत आली की पहिल्यांदा त्या भागाला हात लागतो, तेव्हा रिप्लेसमेंटची मुदत कधीच संपलेली असते. मिररच्या दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच लॉटमधल्या घेतलेल्या असतील तर दोन्हींना एकाच पेटीतला धक्का बसलेला असू शकतो. कंपनीची तपासणी कारखान्यात होते. धक्के त्यानंतर, वाटेत बसतात.

वॉरंटीचंही नीट पाहा. विक्रेत्याच्या मुदतीत परत केली तर नवी डिस्क मिळते. पुढे कंपनीच्या वॉरंटीत दिली तर बदल्यात बहुधा दुरुस्त करून तपासलेली डिस्क येते. आणि एक गोष्ट जिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही : वापरात असलेली डिस्क बंद पडली की ती पुसता येत नाही. मोटर फिरली नाही तर घरच्यांची आधार कार्डं, बँकेची स्टेटमेंटं, लग्नाचे फोटो सगळं तसंच सर्व्हिस सेंटरला जातं. चाचणीत नापास झालेल्या डिस्कवर तुमचं काहीच नसतं.

शिवाय ‘नवी’ म्हणून आलेली डिस्क नवी असेलच असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत हे उघड झालं : हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्क बाजारात कोऱ्या म्हणून विकल्या जात होत्या, स्मार्टमधले तास शून्यावर आणून. सीगेटच्या डिस्कमध्ये तासांची फार्म नावाची वेगळी नोंदही असते, आणि स्मार्टसीटीएल या स्मार्ट वाचणाऱ्या प्रोग्रामच्या ७.४ पासूनच्या आवृत्तीत ‘एल’ पर्यायाला ‘फार्म’ दिलं की ती दिसते. स्मार्ट म्हणतं २ तास आणि फार्म म्हणतं १५,००० तास, असं दिसलं तर पुढची चाचणी करूच नका, डिस्क परत करा. डिस्क नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेली असो की ऑनलाइन मागवलेली, सील फोडण्याआधी लेबलवरचा सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकून बघा. वॉरंटी भारतात लागू आहे का आणि कधीपर्यंत, ते तिथेच कळतं.

आता कामाचा क्रम. डिस्क जोडली की स्मार्टचे सगळे आकडे फाइलमध्ये उतरवून ठेवा; नंतर ताडायला हेच लागतात. प्रत्येक आकड्याला क्रमांक असतो : ५ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे संशयित, १९८ म्हणजे वाचताच न आलेले, १८७ म्हणजे डिस्कने कळवलेल्या, दुरुस्त न झालेल्या चुका. नव्या डिस्कवर हे चारही शून्य हवेत. सीगेटच्या १ आणि ७ क्रमांकांपुढे कोटींतले आकडे दिसले तर घाबरू नका. त्यात चुका आणि एकूण कामं एकाच संख्येत गुंफलेली असतात. मग छोटी चाचणी, दोनेक मिनिटांची. ती पास झाली की लांब चाचणी, रात्रभर किंवा त्याहून जास्त. ती डिस्क स्वतःच आतल्या आत करते, आणि किती मिनिटं लागतील ते स्मार्टसीटीएल आधीच सांगतं. यूएसबी डब्यात असेल तर डबा मध्येच झोपतो आणि ‘होस्टने थांबवली’ असा शेरा येतो. तो डिस्कचा दोष नाही. शक्यतो थेट साटाला (मदरबोर्डवरच्या डिस्कच्या जोडणीला) जोडा.

लांब चाचणी फक्त वाचते, म्हणून पुढे लेखन हवंच. बॅडब्लॉक्स वापरायचं तर ‘टी’ पर्यायाला एकच नमुना द्या आणि ‘बी’ला ४०९६. न दिल्यास ते १०२४ बाइटचे ब्लॉक धरतं आणि ब्लॉकचा क्रमांक ३२ बिटांत मावत नसल्याने ६ टीबीची डिस्क घ्यायलाच नकार देतं. ४०९६ वर १६ टीबीपर्यंत चालतं, १८ टीबीला ८१९२ लागतं.

पण माझी पसंती आता दुसऱ्या पद्धतीला आहे. बॅडब्लॉक्स सगळीकडे एकच मजकूर लिहितं, त्यामुळे इथला ब्लॉक चुकून तिथे लिहिला गेला तरी त्याला कळत नाही. खोटी क्षमता दाखवणाऱ्या स्वस्त डिस्क त्यातून सहज सुटतात. त्याऐवजी क्रिप्टसेटअप या प्रोग्रामने डिस्कवर ‘प्लेन’ प्रकारचा एन्क्रिप्शनचा थर चढवा आणि त्या थरावर डीडी या लिनक्सच्या कमांडने शून्यं लिहा. आपण शून्यंच लिहितो, पण डिस्कवर प्रत्येक सेक्टरला त्याच्या जागेनुसार वेगळा मजकूर पडतो. मग तोच थर सीएमपी या तुलना करणाऱ्या कमांडने शून्यांशी ताडा. सेक्टर जागचा हलला असेल तर उलगडल्यावर कचरा निघतो आणि सीएमपी तिथेच थांबून जागा सांगतं. शेवटी ‘फाइल संपली’ असा संदेश आला तर ते यश आहे. तो चूक समजून पुन्हा २८ तास घालवू नका. कुठलीही पद्धत घ्या, डिस्कवरचं सगळं पुसलं जाणार. म्हणून लिनक्सने डिस्कला दिलेल्या एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका, रीबूटनंतर ती बदलतात. सीरियल नंबर असलेलं बाय-आयडीचं नाव वापरा आणि लेबलशी जुळवून मगच एंटर मारा. काम टीमक्समध्ये चालवा, म्हणजे लॅपटॉप बंद झाला तरी ते तुटत नाही.

नंतर आकडे पुन्हा घ्या आणि ताडा. वरच्या चारांपैकी एकही वाढला तर डिस्क परत. ‘एकच तर सेक्टर आहे’ हा विचार जुन्या डिस्कबाबत ठीक आहे, चार दिवसांच्या डिस्कबाबत नाही. १९९ (केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढला तर मात्र बहुतेक वेळा दोष साटा केबलचा असतो. केबल बदला आणि चाचणी पुन्हा करा. तो आकडा मागे येत नाही, पुढे वाढायचा थांबला की झालं. वेगही पाहा. बाहेरच्या कडेपासून आत जाताना तो हळूहळू निम्म्यावर येतो, ते नैसर्गिकच. मध्येच खड्ड्यासारखा २० एमबीवर पडून पुन्हा वर आला आणि दुसऱ्या वेळीही त्याच जागी पडला, तर तिथला भाग डिस्कला पुन्हापुन्हा वाचावा लागतो आहे.

उरला तुमचा खरा मुद्दा, उन्हाळा. नास डिस्कची कमाल मर्यादा बहुधा ६५ अंशांच्या आसपास असते, पण काम करताना ५० च्या आत ठेवणं बरं. सलग लेखनात डिस्क खोलीपेक्षा १० ते १५ अंश गरम राहते. नवतपात (मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत) वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली, रात्री दहालाही खोली ३८ वर असते; म्हणजे पंख्याशिवाय डिस्क ५० च्या पार जाऊ शकते. तेव्हा सर्व्हर तळमजल्यावर आणा आणि १२० मिलिमीटरचा एक पंखा डिस्कच्या अगदी समोर बसवा. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका, त्या हवेत ओल आणि क्षार दोन्ही असतात. कुरिअरने आलेली डिस्क उन्हात तापलेली असते. तिला चार-पाच तास खोलीत पडू द्या. दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लावा आणि ५५ ला काम थांबवा.

अवकाळी वादळात लाइट जाते तेव्हा चालू असलेली चाचणी वाया जाते. छोटा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं धरतो, त्याहून जास्त नाही. म्हणून बॅडब्लॉक्स तुकड्यांत चालवा. शेवटचा ब्लॉक आधी आणि सुरुवातीचा नंतर, असा त्याचा उलटा क्रम आहे, तेवढं लक्षात असू द्या. ८ टीबीचे चार तुकडे केले तर एकेक लेखन-वाचन सुमारे सात तासांत संपतं. रात्री दहाला लावलेला तुकडा ऊन चढण्याआधी, पहाटे पाचला पूर्ण होतो.