माहीत सगळ्यांनाच होतं

रविवारी सकाळी तोक्योतल्या निशिकासाई स्टेशनजवळच्या बागेत, घसरगुंडीसमोरच्या लांब बाकावर आमचा कट्टा भरतो. चहाचा थर्मास मंदारच्या घरून येतो, खायचं प्रत्येक जण आपापलं आणतो. या महिन्यात कट्ट्याला मंदारच्या बाबांची जोड मिळाली आहे. सांगलीकडे अठ्ठावीस वर्षं वार्ताहर होते, आता निवृत्त. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो.

शनिवारी मी काकांना राजवाड्याचा खंदक दाखवायला नेलं होतं. परत येताना मारुनोउचीतली निजुबाशी बिल्डिंग दाखवली आणि म्हटलं, काका, हिच्या पाचव्या मजल्यावर परदेशी वार्ताहरांचा क्लब आहे. १९४५ साली, युद्ध संपल्या संपल्या सुरू झालेला. मंत्री, उद्योगपती, खटला लढणारी माणसं तिथे येऊन बोलतात आणि मग प्रश्नांना उत्तरं देतात. या क्लबच्या एका जेवणात पंतप्रधान काकुएइ तानाका कोसळले.

काका तेव्हा काहीच बोलले नाहीत. रविवारी बाकावर टेकले आणि म्हणाले, "कालचं तुझं ते वाक्य मला पटलेलं नाही. पंतप्रधान जेवणात कोसळतो होय?"

मग मला सगळं नीट सांगावं लागलं. तानाका म्हणजे निइगाताच्या शेतकरी घरातला, जेमतेम शाळा शिकलेला माणूस. १९७२ मध्ये पंतप्रधान झाला आणि त्याच वर्षी चीनशी संबंध जोडले. लोकांनी डोक्यावर घेतला होता. १० ऑक्टोबर १९७४ ला 'बुंगेई शुंजू' मासिकाचा अंक आला. त्यात ताकाशी ताचिबाना या पत्रकाराने तानाकांचा पैसा कुठून येतो, कागदावरच्या कंपन्या कोणत्या, जमिनी कुठे नि कधी घेतल्या, हे सगळं मांडलं होतं. मोठी वर्तमानपत्रं गप्प राहिली. २२ ऑक्टोबरला तानाका आधीच ठरल्याप्रमाणे परदेशी वार्ताहरांच्या क्लबात जेवायला आले, आणि तिथे एकामागून एक प्रश्न पैशांवरच आले. दुसऱ्या दिवशी तोच विषय जपानी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता. २६ नोव्हेंबरला तानाकांनी राजीनामा जाहीर केला. जेवणापासून पस्तीस दिवस.

"म्हणजे पाडलं ताचिबानांनी," काका म्हणाले. आवाज चढला होता. "अरे, तलाठ्याकडे खेटे घालून सातबारे उतरवून घ्यायचे, एका नावाचा दुसऱ्याशी मेळ लावायचा, रात्र रात्र जागायचं, हे मी केलंय. त्यात डोळे जातात. आणि श्रेय कोणाला? सूप पिऊन झाल्यावर हात वर करणाऱ्या साहेबाला?"

प्राजक्ता दुभाषाचं काम करते. जपानी पुण्यात शिकली, इथे दहा वर्षं झाली. ती म्हणाली, "काका, कष्ट ताचिबानांचेच, त्यात वादच नाही. पण अंक दहा तारखेला बाजारात होता. बावीसपर्यंत बारा दिवस वर्तमानपत्रं गप्प का बसली, ते सांगा. राजकारण सांभाळणारे जपानी वार्ताहर नंतर म्हणायचे, यात नवं काय, हे तर आम्हाला आधीपासून माहीत होतं."

"माहीत होतं," काका म्हणाले, आणि थांबले.

"हो. माहीत सगळ्यांनाच होतं."

मंदारने आपल्या बाबांना किशा क्लब म्हणजे काय ते सांगायला घेतलं, पण काकांना ते पाठ होतं. इथे यायचं ठरल्यापासून वाचत होते. मंत्रालयं, पोलीस, पक्ष, उद्योगसंघटना, सगळीकडे वार्ताहरांचे असे शेकडो क्लब. त्याच इमारतीत खोली, टेबलं, फोन. सदस्य मोठ्या वर्तमानपत्रांचे नि वाहिन्यांचे. काकांना त्यात वाईट काही दिसेना. "१८९० ला इथली संसद सुरू झाली तेव्हा वार्ताहरांना आत घेत नव्हते. म्हणून सगळ्यांनी एकी करून दार उघडायला लावलं. त्यातनं हे क्लब आले. एकटा वार्ताहर गेला तर शिपाईसुद्धा दाद देत नाही रे. पंधरा जण मिळून दारात उभे राहिले की सचिव बाहेर येतो. ही कमाई आहे."

हे मला मनापासून पटलं. आपण इथल्या किशा क्लबांना सहज नावं ठेवतो, पण त्यांची सुरुवात हक्काच्या भांडणातून झाली हे विसरतो. इथल्या वार्ताहरांच्या मेहनतीलाही तोड नाही. त्यांच्या कामाच्या पद्धतीला जपानीत 'योउची-आसागाके' म्हणतात, रात्रीचा छापा आणि पहाटेची दौड. शब्द लढाईतलेच. अधिकारी रात्री घरी परततो तेव्हा वार्ताहर दारात उभा असतो, सकाळी तो निघतो तेव्हाही असतोच.

"आणि अशा माणसाला चारचौघांत अडचणीचा प्रश्न कसा विचारणार?" प्राजक्ता म्हणाली. "विचारला तर रात्री दार उघडणार नाही. ज्या एकीने दार उघडलं, तीच एकी आता दारात उभी आहे, काका. मासिकवाले बाहेर, स्वतंत्र पत्रकार बाहेर, परदेशी कितीतरी वर्षं बाहेर. म्हणून तर असल्या बातम्या मासिकांत फुटतात. त्यांना गमावायला ती खोलीच नसते." मग तिने नागानोच्या राज्यपालाचं सांगितलं, त्याने २००१ मध्ये आपल्या प्रांतापुरती ही व्यवस्थाच मोडीत काढली होती. आणि २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री झालेल्या कात्सुया ओकादांचं, ज्यांनी पत्रकार परिषद स्वतंत्र पत्रकारांनाही खुली केली.

मंदार उद्योगजगतातला, त्याने ऑलिंपस या कॅमेरा कंपनीचा विषय काढला. जुलै २०११ मध्ये 'फॅक्टा' नावाच्या छोट्या मासिकाने लिहिलं की कंपनीने काही खरेद्यांत अवाच्या सवा पैसे मोजलेत. एका ब्रिटिश कंपनीच्या खरेदीत तर सल्लागारांनाच ६८ कोटी डॉलरहून जास्त फी. मोठ्या वर्तमानपत्रांत चिडीचूप. नवा अध्यक्ष मायकेल वुडफर्ड, त्याच कंपनीत तीस वर्षं काढलेला, संचालक मंडळाला प्रश्न विचारू लागला, तर १४ ऑक्टोबरला त्याला काढून टाकलं. तो कागद घेऊन थेट लंडनच्या वृत्तपत्राकडे गेला. ८ नोव्हेंबरला कंपनीने कबूल केलं की जुना तोटा वर्षानुवर्षं लपवला होता. त्याच महिन्यात वुडफर्ड तोक्योला परतून परदेशी वार्ताहरांच्या क्लबात बोलला.

"पण मला तो क्लब म्हणजे काही देऊळ वाटत नाही," मंदार पुढे म्हणाला. "२०१९ मध्ये निस्सान मोटार कंपनीचा माजी अध्यक्ष कार्लोस घोन जामिनावर होता. त्याने पत्रकार परिषद घेणार असं जाहीर केलं, तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा अटक. मग वकिलांनी आधी चित्रित केलेलं त्याचं निवेदन तिथे दाखवलं. पडद्याला प्रश्न विचारता येत नाहीत. शिवाय २०२० मध्ये क्लबच्या मासिकाने ऑलिंपिकच्या बोधचिन्हाला करोनाच्या विषाणूचं रूप देऊन मुखपृष्ठ केलं. आयोजकांनी कॉपीराइट मोडल्याची तक्रार केल्यावर क्लबने ते मागे घेतलं. म्हणजे दबाव तिथेही चालतोच."

हे खरं आहे, आणि मला त्याचं वाईट वाटलं होतं. तरीही मी प्राजक्ताच्या बाजूने आहे, त्याला कारण १२ एप्रिल २०२३ चा दिवस.

त्या दिवशी काउआन ओकामोतो हा सव्वीस वर्षांचा गायक क्लबच्या टेबलाशी बसला. किशोरवयात जॉनी कितागावाने आपलं अनेकदा लैंगिक शोषण केलं, असं त्याने स्वतःचं नाव आणि चेहरा न लपवता सांगितलं. कितागावा म्हणजे जपानी करमणूक धंद्यातला सर्वांत बलाढ्य माणूस. मुलग्यांचे गायनवृंद घडवायचा, त्याचे कलाकार प्रत्येक वाहिनीवर. 'शुकान बुनशुन' साप्ताहिकाने १९९९ मध्येच लेखमाला छापली होती. कितागावाने दावा लावला. २००३ मध्ये तोक्योच्या उच्च न्यायालयाने शोषणाबद्दलचा मजकूर मुख्यतः खरा ठरवला, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. म्हणजे कोर्टाचा निकाल लागलेला होता! त्यानंतरही पंधरा वर्षं पोरं त्या माणसाकडे जात राहिली. २०१९ मध्ये तो मानाने गेला. मार्च २०२३ मध्ये बीबीसीने माहितीपट दाखवला, मग ओकामोतो बोलला, आणि एकेक जण पुढे येऊ लागला. ऑगस्टअखेर चौकशी पथकाने अहवाल दिला, त्यात माध्यमांच्या मौनाला स्पष्ट दोष दिला होता. ७ सप्टेंबरला कितागावाच्या कंपनीने शोषण झाल्याचं मान्य केलं.

ती पत्रकार परिषद प्राजक्ताने घरी संगणकावर पाहिली होती. ती म्हणाली, "तो काय सांगतोय हे मला एकदाच ऐकून कळत होतं, तरी मी दोनदा ऐकलं. समोर बसलेले लोक तारखा विचारत होते. किती वेळा, कोणत्या खोलीत, आणखी कोण होतं. ऐकायला कठोर वाटतं. पण तो उत्तरं देत होता, आणि प्रत्येक उत्तराबरोबर ती गोष्ट कुजबुजीतून बाहेर येत होती. बुनशुनने खणून काढलं, न्यायालयाने शिक्का मारला. पण त्याच्या तोंडावर प्रश्न आणि त्याच्या तोंडून उत्तर, हे त्या खोलीत झालं. काका, मी ताचिबानांचं श्रेय काढून घेत नाहीये. त्यांचा कागद बारा दिवस नुसता पडून होता, एवढंच मला खुपतं."

काका बराच वेळ घसरगुंडीवरच्या पोरांकडे बघत होते.

"आमच्याकडे एक साखर कारखाना होता," ते म्हणाले. "नाव नको. उसाच्या वजनात मारतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत. माझ्याकडे दोन शेतकऱ्यांच्या पावत्या होत्या, बाहेरच्या काट्याच्या आणि कारखान्याच्या. अध्यक्षांनी पत्रकार परिषद बोलावली, विस्ताराची. पावत्या खिशात होत्या. आम्ही अकरा जण होतो. कोणी विचारलं नाही, मीही नाही. पुढे छापलं मी, आतल्या पानावर, नाव न घेता." थोडं थांबून म्हणाले, "त्या खोलीत विचारायला हवं होतं."

मंदारने ही गोष्ट कधी ऐकलेली नव्हती, हे त्याच्याकडे पाहूनच कळत होतं. त्याने कप भरून बाबांच्या हातात दिला.

काकांनी कप बाकावर तसाच ठेवला. "प्राजक्ता, त्या बावीस तारखेच्या जेवणात पैशांचा पहिला प्रश्न कोणी विचारला, ते कुठे मिळेल का गं?"

"क्लबचे जुने अंक शोधते काका."

"नाव बघ. कुठल्या पेपरचा ते पण बघ."