ढवळ्यानं गवत खाल्लं होतं

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. सकाळी दोन डबे करायचे आहेत, पण हे लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

आज तान्हा पोळा, आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल घेऊन करतात तो. सोसायटीत खाली आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. पोट्टे धोतर-फेट्यात, पोरी नऊवारीत, सगळे आपापले लाकडी बैल ओढत आले. कुणाचा वीतभर, कुणाचा कमरेएवढा. झूल, बेगड, गळ्यात घुंगरं. ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ म्हणताना लेकरांचे घसे बसायची वेळ आली. मग बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांनी माईक घेतला. चांगले शिकलेले गृहस्थ. माझ्या सहा वर्षांच्या लेकीला पुढे बोलावलं, तिच्या बैलाच्या पाठीवर बोटानं टकटक केलं.

"हा कशाचा आहे?"

"लाकडाचा."

"मग लाकूड पुरणपोळी खाते का?"

ती गप्प.

"आईबाबा सांगतात ते सगळं खरं नसते, बरं का. प्रश्न विचारायचे."

टाळ्या पडल्या. मोठ्या माणसांच्या टाळ्या! माझी पोर बैलाची दोरी बोटाला गुंडाळत तशीच उभी. बोजारा, म्हणजे बैल घेऊन दारोदार मागायचा खाऊ-पैसा, मागायला ती कुणाच्याही दारी गेली नाही. लिफ्टमध्ये तिनं मला हळूच विचारलं, "आई, ढवळ्या रात्री उठत नाही का?"

हा ढवळ्या मुळात माझा. मी पाच वर्षांची असताना बाबांनी इतवारीतून आणला होता. एक शिंग तुटलंय, चाकं दोनदा बदललीत. नागपूरच्या महाल भागात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा मला ढवळ्याच्या कानात सांगायला लावायचे, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ त्यांच्या गावी खऱ्या बैलांना तसंच सांगत. तान्ह्या पोळ्याच्या रात्री मी ढवळ्यापुढे ताटलीत पुरणपोळी आणि मूठभर हिरवं गवत ठेवून झोपायची. सकाळी पोळी गायब. आणि गवत संपलेलं नसायचं, कुरतडलेलं असायचं! वरचे शेंडे खाल्लेले, खालच्या काड्या तशाच. मी शाळेत शपथेवर सांगायची की आमचा बैल खातो. मला कुणी हसलं तर मी भांडायची.

आज सकाळीच आपण सगळे मारबत, म्हणजे रोगराई गावाबाहेर नेणाऱ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक, पाहायला गेलो होतो नं? 1881 पासून काळी निघते, 1885 पासून पिवळी. नेहरू पुतळ्याजवळ दोघींची गाठ पडते तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नसते. बँकेतले, कचेरीतले, दुकानदार, वकील, सगळे जीव तोडून ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत. सोबत महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे पुतळेच. कागद-बांबूच्या बाईनं कुणाचा खोकला गावाबाहेर नेलाय? ओरडणाऱ्यातल्या प्रत्येकाला ते माहीत असतं, तरी ओरडून घरी येताना छाती हलकी झालेली असते. तिथं कुणी माईक घेऊन विचारत नाही, ही कशाची आहे म्हणून. मोठ्यांना नाही विचारायचं. सहा वर्षांच्या पोरीला मात्र विचारायचं, तेही तिच्या सगळ्या मैत्रिणींसमोर.

कमेंटमध्ये येण्याआधीच सांगते. अंधश्रद्धेविरुद्धचं काम मी मानते. दाभोलकरांचा खून झाला त्या 2013 मध्येच जादूटोणाविरोधी कायदा आला, तेव्हा आमच्या घरात बाबांइतकं समाधान कुणालाच झालं नसेल. हेच बाबा, ढवळ्याला आवतण द्यायला लावणारे. भोंदू तुमच्याकडून घेतो, तुमचं सोनं, तुमची अक्कल, तुमच्या पोरी. ढवळ्यानं आमच्या घरातून कधी काय नेलं? एक पोळी. हे दोन्ही एकाच पारड्यात टाकणाऱ्यांना मी विज्ञानवादी म्हणणार नाही. आणि हो, खरं कळल्यावर काही मुलं दुखावतात, आईबापांनी फसवलं असं त्यांना वाटतं, हेही मला ठाऊक आहे.

राग यायचाच असेल तर दुसऱ्या गोष्टीचा येऊ द्या. ‘जेव, नाहीतर बुवा येईल.’ ‘रडू नको, पोलीस पकडून नेतील.’ ‘डॉक्टरकाका सुई टोचतील.’ बागुलबुवा प्रत्येक घरात आहे आणि त्याच्याविरुद्ध कुणी माईक घेत नाही, कारण तो आपल्या सोयीचा आहे. पोर लवकर झोपते, मुकाट जेवते. आता तर डिसेंबरात सांतालाही त्याच कामाला लावलंय. ‘अभ्यास नाही केला तर सांता गिफ्ट देणार नाही.’ अरे, देणाऱ्या म्हाताऱ्याला तुम्ही हवालदार करून टाकलं! ज्या गोष्टीनं लेकरू अंधाराला भ्यायला लागते ती सांगूच नका, कितीही जुनी असली तरी. मीही एकदा सांगितली आहे. लेक दीड वर्षाची होती, ताप होता, औषध घेत नव्हती, मी ‘बुवा आला’ म्हटलं. ती ज्या नजरेनं दाराकडे पाहत राहिली, ती नजर मला अजून आठवते. पुन्हा कधी म्हटलं नाही.

पण बाबांचं सांगत होते.

मी नऊ वर्षांची होते. बाबांना स्टेशनवर रात्रपाळी असायची, पहाटे पाचच्या सुमारास सायकलनं घरी येत. त्या पहाटे मला तहान लागली म्हणून उठले. स्वयंपाकघराच्या दाराशी आले तर चुलीपाशी अंधारात बाबा ढवळ्यासमोर उकिडवे बसलेले. अंगात अजून ड्युटीचा शर्ट. थंड झालेली पुरणपोळी ते हळूहळू खात होते, ताटलीचा आवाज होऊ नये म्हणून ती मांडीवर घेतली होती. पोळी संपली. मग त्यांनी गवताची जुडी उचलली, तोंडाशी नेली आणि शेंडे दातांनी तोडले. थांबून पाहिलं, अजून दोन-चार तोडले, तोंडातलं हातावर थुंकलं आणि खिशात टाकलं.

कात्री होती नं घरात. कात्रीनं कापलेलं गवत सरळ दिसते, बैलानं खाल्लेलं तसं दिसत नाही. रात्रभर उभं राहून आलेल्या माणसानं याचा विचार केला होता.

मी पाणी न पिताच परत येऊन पडले. फसवलं असं एक क्षणही वाटलं नाही. मला रडू येत होतं, पण ते दुःखाचं नव्हतं. काही मिनिटांनी बाबा आले, मी जागी दिसले. "काऊन उठली व?" मी म्हटलं, "असंच." सकाळी ताटली पाहून मी नेहमीसारखीच ओरडले. त्यांना वाटलं, मला माहीत नाही.

आमच्या वडिलांच्या पिढीला लेकराला जवळ घेऊन ‘तू मला आवडतेस’ म्हणता येत नव्हतं. बाबांनी मला कधीच तसं म्हटलं नाही. ते पहाटे गवत चावायचे. आईबाप हे सोंग का करतात, याचं माझ्यापाशी हे एवढंच उत्तर आहे. पोरीला काही द्यायचं असते आणि ते आपण दिलं हे तिला कळू द्यायचं नसते. दिलेलं कळलं की लेकरू उपकार मोजायला शिकते. बैलानं दिलं, चांदोबानं दिलं, उंदीरमामानं दिलं की ते कुणाचंच देणं लागत नाही.

उंदीरमामाचं बघा. दात पडला की कौलांवर फेकायचा आणि उंदराचा दात मागायचा. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणूनच कुण्या आजीला हे सुचलं असावं. जबड्यातून रक्त येत असलेल्या लेकराला भिऊ नको म्हणण्यापेक्षा हे किती चांगलं! आता फ्लॅटला कौलं नाहीत, तर मी लेकीला घेऊन नवव्या मजल्यावरच्या गच्चीवर गेले होते, टाकीवर दात फेकायला. 1897 साली न्यूयॉर्कमधल्या आठ वर्षांच्या पोरीनं पेपरला पत्र लिहून विचारलं होतं, सांताक्लॉज आहे का. पेपरनं अग्रलेखात छापलं, आहे. एवढ्या मोठ्या पेपरच्या संपादकाला एका पोरीसाठी जागा काढावीशी वाटली. आमच्या पाहुण्यांना माईकवर दोन मिनिटं गप्प बसवलं नाही.

जाऊ द्या. त्यांना वाईट करायचं नव्हतं, हे मला कळतंय. लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय.

पुढच्या वर्षी माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा होता. बाबांची त्या दिवशी ड्युटी लांबली, साडेपाच झाले तरी आले नाहीत. भाऊ उठायच्या बेतात. मी उठले, पोळी खाल्ली आणि गवताचे शेंडे दातांनी तोडले. बाबा आले, ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. चहा मांडला आणि त्या दिवशी पहिल्यांदा मलाही अर्धा कप दिला.

आज साडेनऊला त्यांना फोन केला. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, भावाकडे असतात, ऐकू कमी येते. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, "बाबा, तुम्ही गवत दातानं काऊन तोडायचे? कात्रीनं नाही?"

जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "कोण म्हणते मी तोडायचो? बैल खायचा. पोरीला झोपव आता, उशीर झाला."

पोर झोपली आहे. लिफ्टमधल्या तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं, तिलाच विचारलं, तुला काय वाटते. तिनं घरी येऊन ढवळ्याला कोपऱ्यात नेलं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं, पुढे ताटली ठेवली. म्हणाली, "तो लोकांसमोर लाजतो. टकटक केलं तर कोण खाईल?" आणि मग पांघरुणातून, "आई, तू पण पाहू नको."

गवत सोसायटीच्या बागेतलंच आहे, धुऊन ठेवलंय. पहाटे पाचचा गजर लावते.