अंतराळात काळोखच असतो

"पात्रांव, अंतराळांत काळोखूच आसता न्ही?"

गेल्या रविवारी रात्री पावणेदहाला, मॉलच्या वरच्या मजल्यावर मला हे ऐकवण्यात आलं. ऐकवणाऱ्याच्या कमरेला वॉकीटॉकी, हातात टॉर्च आणि चेहऱ्यावर एका अडाण्याला विज्ञान शिकवल्याचं समाधान. माझी तक्रार एवढीच होती की 'प्रोजेक्ट हेल मेरी' सुरू होऊन पाच मिनिटं झाली आणि पडद्यावर काही दिसत नाही. चित्रपटगृहाचं नाव सांगत नाही. गोव्यात मल्टिप्लेक्स मोजकी, आणि पुढचे सिनेमेही मला तिथेच पाहायचे आहेत.

"दिव्यापुढे थ्रीडीची काच राहिली असेल," मी म्हणालो. "आधीचा खेळ थ्रीडीचा होता ना?"

"काच बी कांय ना. स्टोरीच तशी आसा. सूर्य पालवता तातूंत."

इथे मी गप्प झालो, कारण तो खरं बोलत होता. अँडी वीअरच्या २०२१ सालच्या कादंबरीवरच्या या सिनेमात सूर्याचा उजेड खरोखरच कमी होत जातो. सूक्ष्मजीव सूर्याची ऊर्जा खातात, आणि त्यावर उपाय शोधायला निघालेला शाळेतला विज्ञानाचा मास्तर यानात एकटाच जागा होतो. पडदा अंधारा आहे म्हणून भांडायला याहून वाईट सिनेमा मला शोधूनही सापडला नसता.

तरी मी त्याला आत नेलं. म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. तो पायऱ्यांवर उभा राहिला, टॉर्च चालूच. सभागृहात सर्वांत जास्त उजेड त्या टॉर्चचा, दुसरा क्रमांक दारावरच्या हिरव्या पाटीचा, आणि पडदा तिसरा. एक मिनिट गेलं, दोन गेली. तो सिनेमात रमला. मग माझ्या कानाशी वाकून त्याने विचारलं, "हो मेलो काय जिवो?"

पडद्यावर कोणीतरी आडवं पडलेलं होतं. मेलेलं की जिवंत, मलाही कळत नव्हतं. माझी तक्रार नेमकी हीच होती! मी त्याला म्हणालो, "तेच तर विचारतोय." मागच्या रांगेतून कोणीतरी "बस रे!" म्हणून ओरडलं. ओरडणाऱ्याचा रोख माझ्यावर होता. टॉर्चवाल्याने आणखी थोडं पाहिलं, मान डोलावली, "सारकें दिसता," असा निकाल दिला, आणि वर "एसी वाडयतां" म्हणून निघून गेला.

एसी खरोखरच वाढला. आवाज कमी आहे? एसी वाढवतो. खुर्चीचा हात हलतो? एसी वाढवतो. चित्र दिसत नाही, तर निदान थंडी तरी वाजू दे. पुढचे दोन तास मी हात काखेत घालून एक कुडकुडणारा अंतराळवीर पाहत, स्वतः कुडकुडत बसलो. या बाबतीत मात्र अनुभव थ्रीडीच होता.

आता काचेचं प्रकरण. सिनेमागृहात साध्या टूडी खेळाला पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजळपणा मोजायचं एकक) उजेड हवा, हे प्रमाण ठरलेलं आहे. थ्रीडीत डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी वेगळं चित्र जावं म्हणून प्रोजेक्टरच्या भिंगापुढे ध्रुवण करणारी, म्हणजे उजेडाच्या लहरींना ठरावीक वळण लावणारी काच येते, आणि ती निम्म्याहून अधिक उजेड गिळते. राहिलेल्यातला आणखी काही आपल्या चष्म्यात जातो. म्हणून थ्रीडीत चार-साडेचार फूट-लॅम्बर्टवर समाधान मानायचा रिवाज आहे. खेळ बदलला की ही काच बाजूला करायची असते. ती विसरली की टूडीचं तिकीट काढलेला माणूस चष्म्याशिवाय थ्रीडीचा काळोख बघतो. त्यात प्रोजेक्टर झेनॉन दिव्याचा असेल आणि दिव्याचे तास भरत आले असतील, तर चिमणीच्या उजेडात पोथी वाचल्यासारखं होतं. लेझर प्रोजेक्टर जास्त टिकतात, पण काच विसरायला तेही आड येत नाहीत.

ओळखायचं कसं? घरात जुना थ्रीडी चष्मा पडलेला असतोच, तो खिशात ठेवा. टूडी सिनेमा चालू असताना तो लावून एकेक डोळा आळीपाळीने मिटा. दोन्ही डोळ्यांना सारखाच मंद उजेड दिसला तर बहुधा ठीक आहे. एका डोळ्याला चित्र आणि दुसऱ्याला जवळपास अंधार दिसला, तर काच समोर आहे. काही थ्रीडी जोडण्यांत मागच्या खिडकीतून एकावर एक असे दोन झोत निघतात; टूडीच्या खेळाला तसे दोन झोत दिसले तरी अर्थ तोच. थ्रीडी चालणाऱ्या सभागृहात पडदाही बहुधा चंदेरी असतो. तो मध्ये चमकतो आणि कडेला मरतो, म्हणून अशा ठिकाणी कोपऱ्यातली खुर्ची फुकट मिळाली तरी घेऊ नये.

तक्रार जाहिराती चालू असतानाच करायची. पॉपकॉर्नवाल्याकडे नाही, दारावरच्या पोराकडे नाही, ड्युटी मॅनेजरकडे. आणि "अंधार आहे" असं मुळीच म्हणायचं नाही, नाहीतर खगोलशास्त्र ऐकावं लागतं. "थ्रीडीचं फिल्टर काढा, टूडीचं सेटिंग लावा," एवढंच. मी "काच" म्हणालो, तिथेच चुकलो असेन.

पूर्वी हे एवढं अवघड नव्हतं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मचं २००० फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपायचं. रीळ बदलायची खूण पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात उमटायची, आणि ऑपरेटर त्या ठिपक्यासाठी खिडकीशी डोळा लावून बसायचा. म्हणजे दर वीस मिनिटांनी निदान एक पगारी माणूस पडद्याकडे बघत होता. आता सिनेमा सर्व्हरवर, खेळांची यादी सकाळीच भरलेली, दिवे आपोआप मंद होतात, पडदा आपोआप उजळतो, किंवा उजळत नाही. खिडकीमागे कोणी नसतं. नोव्हेंबरात पणजीला इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला की मागे वळून "फोकस!" म्हणून ओरडणारा माणूस जाणकार रसिक ठरतो. तोच माणूस डिसेंबरात पर्वरीला ओरडला की त्याची बायको दुसऱ्या रांगेत जाऊन बसते.

आणि हे सगळं विज्ञानपटांनाच जास्त का बाधतं, तर काळा रंग प्रोजेक्टर फेकू शकत नाही. काळं म्हणजे जिथे उजेड टाकला नाही ती जागा. तिथे पायऱ्यांवरच्या पट्ट्यांचा, हिरव्या पाटीचा, पुढच्या रांगेतल्या मोबाइलचा उजेड येऊन बसतो आणि काळ्याचं राखाडी होतं. चित्रच मंद असेल तर तारे त्या राखेत विरघळतात. विनोदी सिनेमात भिंत थोडी मळकट दिसली तरी विनोद कळतो. अंतराळपटात अर्धा अभिनय काळोखाचाच असतो, त्यामुळे टॉर्चवाल्याचं म्हणणं पन्नास टक्के बरोबर होतं. पण अंतराळातल्या काळोखात सूर्य झगझगीत दिसतो हो! आमच्या पडद्यावरचा सूर्य सरकारी कचेरीच्या व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटसारखा होता, चोक गेलेल्या.

वाळवंटी ग्रहावरच्या 'ड्यून'चंच घ्या. २०२१ चा पहिला भाग डिजिटल कॅमेऱ्यावर टिपून आधी फिल्मवर उतरवला आणि मग ती फिल्म पुन्हा स्कॅन केली, का तर चित्र डिजिटलसारखं फार धारदार वाटू नये. २०२४ च्या दुसऱ्या भागात एका ग्रहावरच्या आखाड्याचे प्रसंग इन्फ्रारेडमध्ये चित्रित केले, म्हणून तिथली कातडी संगमरवरासारखी पांढरी दिसते. त्या प्रसंगाला "रंग गेलो रे!" म्हणून कोणी शिट्टी मारली तर मी त्याला दोष देणार नाही, आमच्याकडे रंग खरोखरच जाऊ शकतो. इतकी सगळी खटपट जगभर फिरून आमच्या मॉलपर्यंत येते आणि शेवटच्या साठ-सत्तर फुटांत एका विसरलेल्या काचेत बुडते. तिसऱ्या भागासाठी १८ डिसेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे. मी चष्मा आतापासूनच खिशात ठेवला आहे.

उजेडाचं एवढं, तर आवाजाचं वेगळंच. सिनेमाचा आवाज मिसळताना जी पातळी धरतात ती चित्रपटगृहाच्या आवाजाच्या बटणावर ७ या आकड्याला येते. कोणीतरी जाहिरातींच्या गोंगाटाबद्दल तक्रार करतं, मग बटण ५ वर येतं आणि सिनेमाभर तिथेच राहतं. दोन आकडे म्हणजे साधारण साडेसहा डेसिबलची कपात. धमाके तरीही ऐकू येतात, गायब होते ती कुजबूज. 'इंटरस्टेलर'मध्ये संवाद संगीताखाली दबतात, ही तक्रार २०१४ ला जगभर झाली होती, आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांनी ते मुद्दाम केल्याचं सांगितलं होतं. त्या दबलेल्या संवादांवर आमचा पाचाचा आकडा! त्यातला अंतराळवीर कुठल्या ग्रहावर का गेला, हे मला दुसऱ्यांदा पाहताना, घरी, कानात इअरफोन घालून कळलं. हा सिनेमा २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्याकडे आयमॅक्सवर पुन्हा लागला. जगात इतरत्र तो आदल्या डिसेंबरातच आला होता, पण आपल्या आयमॅक्स पडद्यांवर तेव्हा 'पुष्पा २' ठाण मांडून होता.

'इंटरस्टेलर'मध्ये एका पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाने, ज्यांना पुढे २०१७ चं नोबेल मिळालं, त्यामागचं गणित मांडलं. मला तो ग्रह ओळखीचा वाटतो. त्याचं नाव मध्यंतर. दहा मिनिटांचं मध्यंतर म्हणजे एक वर्ष दोन महिने, आणि पॉपकॉर्नच्या रांगेत ते तसंच जातं. या परदेशी सिनेमांत मध्यंतराची जागा दिग्दर्शकाने ठेवलेलीच नसते. मग इथे कोणीतरी घड्याळ बघून चीर मारतं, वाक्याच्या मध्यावर, कर्त्याच्या आणि क्रियापदाच्या मधोमध. आमच्या जत्रेतलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, पण पडदा कुठे पडायचा ते नाटकवाल्यांनी ठरवलेलं असतं. तियात्रात, म्हणजे आमच्या कोंकणी नाटकात, दोन पडद्यांमध्ये कांतारां म्हणजे गाणी असतात, लोक त्यांचीही वाट बघतात. इथे कांताराच्या जागी धूम्रपानाचा इशारा: एकदा सुरुवातीला, एकदा मध्यंतरानंतर. प्राणवायू संपत आलेल्या माणसाची गोष्ट सोडून आम्ही सिगारेटचे दुष्परिणाम बघतो.

त्या रांगेत मी पाण्यासाठी उभा होतो. पिशवीतली खाज्याची पुडी दारावरच काढून घेतली होती. बाहेरचे पदार्थ अडवायचा हक्क चित्रपटगृहाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटलं. पिण्याचं पाणी फुकट ठेवायचं, हेही त्याच निकालात आहे, पण ते दारावरच्या पाटीवर नसतं. पाणी कुठे, विचारलं तर पोराने फ्रीजमधल्या बाटलीकडे बोट केलं. मी निकाल सांगितला. तो म्हणाला, "तो निकाल आमच्या सिस्टममध्ये नाही."

'प्रोजेक्ट हेल मेरी'त पुढे परग्रहावरचा प्राणी येतो. रसभंग होणार नाही, ट्रेलरमध्येच दाखवला आहे. त्याला डोळे नाहीत, तो आवाजावरून जग ओळखतो. या चित्रपटगृहाला हवा तसा प्रेक्षक. फक्त बटण ७ वर ठेवायला सांगा.

सिनेमा संपला. नाक गळत होतं. दारात टॉर्चवाला प्लास्टिकचा टब घेऊन उभा. मी पुढे गेलो तर टब आडवा आला.

"पात्रांव, चष्मो?"

"टूडीला चष्मा कुठला रे बाबा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग दारातून आत, वरच्या खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ.

"टूडी?" तो म्हणाला. "मागीर ती काच काडूंक जाय आशिल्ली."

पुढच्या खेळाची माणसं आत शिरू लागली होती. तो त्यांना जागा दाखवायला गेला.