शनिवारचे सर्वज्ञ

एनएफएल ड्राफ्ट, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. त्याच्या पहिल्या दिवशी चाहत्यांनी हमरीतुमरीवर यावं, समजू शकतो. पण शेवटच्या दिवशी, शनिवारी, सहाव्या-सातव्या फेरीत? पोराचं नाव पाच मिनिटांपूर्वी यांच्या गावीही नसतं. ते पुकारलं की मोबाइलवर दोन मिनिटांची क्लिप बघायची आणि निकाल तयार: ‘हात आखूड आहेत’, ‘पिक (निवडीची संधी) वाया घालवला’, ‘जनरल मॅनेजरला हाकला’. पंटर, म्हणजे नुसता चेंडू लांब लाथाडणारा, घेतला तर विचारूच नका, घरात सुतक!

दुसरी जमात याहून डोकेदुखी. सातव्या फेरीतल्या प्रत्येक क्वार्टरबॅकमध्ये, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणाऱ्या मुख्य खेळाडूमध्ये, यांना उशिरा निवडला जाऊनही महान ठरलेला टॉम ब्रेडी दिसतो. अरे, ब्रेडी 2000 साली 199वा निवडला गेला, मान्य. त्याच्या आगेमागे निवडलेल्यांची दोन-चार नावं सांगा की! पुढे मुख्य क्वार्टरबॅक झालेला ब्रॉक पर्डी तर 2022 मध्ये 262वा, अगदी शेवटचा. त्याला घेणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघानं त्याच्याआधी स्वतःच आठ जण उचलले होते. म्हणजे निवडणाऱ्यांनाही पत्ता नव्हता, आणि यांना म्हणे सोफ्यावरून दिसतं!

ऑगस्टअखेर, हंगामाआधीच्या छाटणीत, तोच ‘वाया गेलेला पिक’ संघातून कापला, की हेच गळा काढणार: ‘असा पोरगा सोडलाच कसा?’