'ताण कामात नसतो, मनात असतो' हा मेसेज फिरतोय, त्यावर एका सिस्टरचं उत्तर

आठवडाभरात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला आणि त्यातल्या दोन ठिकाणी आमच्याच सीनियर लोकांनी टाकलाय, म्हणून लिहायला बसले. मेसेज थोडक्यात असा: हॉस्पिटल स्टाफला येणारा ताण कामामुळे नसतो, मन कमकुवत असतं म्हणून येतो, रोज दहा मिनिटं ध्यान करा, जाईल, पूर्वीचे लोक ३६-३६ तास ड्युटी करायचे आणि हूं की चूं करायचे नाहीत, सेवाभाव असेल तर थकवा येतच नाही, आणि ज्याला झेपत नाही त्याने हे क्षेत्र सोडावं.

आता एकेक घेते.

मन कमकुवत असतं म्हणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या यादीत, म्हणजे आयसीडी ११ मध्ये, बर्नआउटची व्याख्या केली, त्यात स्पष्ट लिहिलंय की हा आजार नाही, कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे होणारी ही अवस्था आहे, आणि हा शब्द फक्त कामाच्या संदर्भातच वापरायचा. तीन लक्षणं दिलीत, पार गळून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. शिवाय अमेरिकेत डॉक्टरांवर एक मोठा अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला, त्यात डॉक्टरांची मनाची ताकद इतर नोकरदारांपेक्षा जास्तच निघाली. आणि ज्यांना त्या चाचणीत पूर्ण मार्क होते ना, सगळ्यात खंबीर लोक, त्यांच्यातलेही २९ टक्के बर्नआउटमध्ये होते. मग अजून किती खंबीर व्हायचं?

ध्यानाबद्दल मला वाईट बोलायचं नाहीये. मी स्वतः ड्युटीवर जायच्या आधी पाच मिनिटं शांत बसते आणि मला त्याचा उपयोग होतो. पण त्याने बेड कमी होत नाहीत. २०१७ मध्ये डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या उपायांचे १९ अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यात दिसलं की एकेकट्या माणसाला शिकवून पडणारा फरक छोटा असतो, हॉस्पिटलने कामाची रचना बदलली तिथे जास्त पडतो. आणि नर्सचं सांगायचं तर २००२ चा अभ्यास आहे, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ हॉस्पिटल्सचा, एका नर्सकडे एक पेशंट वाढला की बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि सर्जरीच्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी. एकेका पेशंटमागे हा हिशोब आहे. कॅलिफोर्नियात २००४ पासून एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट हे कायद्यानेच ठरलंय, आयसीयूत दोन.

मी आधी जिथे होते तिथे एकदा ताण कमी करण्याचं सेशन ठेवलं होतं आणि नाइट करून निघालेल्या आम्हा सगळ्यांना दोन तास सक्तीने बसवलं, माझ्या शेजारची मुलगी बसल्या बसल्या झोपली म्हणून तिला बोलणी खावी लागली. तिला त्या वेळी घरी जाऊन झोपणं हवं होतं, बाकी काही नाही.

आता ते ३६ तास. यावर मला सगळ्यात जास्त राग येतो कारण मी स्वतः यातून गेलेय. नाइटची रिलीव्हर आली नाही म्हणून पुढे मॉर्निंग पण मीच केली होती, सकाळी अकराच्या सुमाराला सात नंबरच्या बेडचं इन्सुलिन भरून मी नऊ नंबरच्या पेशंटजवळ उभी होते, सुई टोचायच्या आधी माझ्या जोडीदार सिस्टरने फक्त "नाव विचारलंस का?" एवढं म्हटलं म्हणून वाचलो, पेशंट पण आणि मी पण. नंतर कित्येक रात्री तो ट्रे डोळ्यासमोर यायचा. सतरा तास जागं राहिलं की हात आणि डोक्याचा ताळमेळ थोडी दारू प्यायल्यासारखा बिघडतो हे १९९७ मध्येच मोजून झालंय. २००४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात बोस्टनच्या आयसीयूत इंटर्न्सच्या, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांच्या, चोवीस तास आणि त्याहून मोठ्या ड्युट्या बंद करून बघितल्या, तर जुन्या पद्धतीच्या ड्युट्यांमध्ये गंभीर चुका ३६ टक्के जास्त निघाल्या. पूर्वीचे लोक चुकत नव्हते असं नाही, तेव्हा कोणी मोजत नव्हतं. आणि काम पण तेच राहिलेलं नाही, आता पेशंट लवकर घरी जातो, म्हणजे त्याच बेडवर लगेच नवीन ॲडमिशन, नवीन ऑर्डर्स, नवीन नातेवाईक, आणि प्रत्येक गोष्ट रजिस्टरमध्ये लिहून परत कॉम्प्युटरमध्ये भरायची.

सेवाभावाचं तर उलटंच आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये बर्नआउटवर लिहिलं ते न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करताना, तिथे बरेच जण स्वतःहून आलेले स्वयंसेवक होते, आणि त्याचं निरीक्षण हेच होतं की जे सगळ्यात जीव ओतून काम करतात तेच आधी संपतात. आमच्याकडेही जी सिस्टर कुणालाच नाही म्हणत नाही तीच पहिली आजारी पडते, हे वॉर्डमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा.

सोडून जा म्हणणं सोपं आहे. एक गेली की तिचे पेशंट उरलेल्यांमध्ये वाटले जातात, मग पुढची जाते. २०३० पर्यंत जगात सुमारे १.१ कोटी आरोग्य कर्मचारी कमी पडतील असा जागतिक आरोग्य संघटनेचाच अंदाज आहे.

आमच्या आताच्या इन्चार्ज मॅडमनी तीनच गोष्टी केल्या. रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, महिनाभर आधी लावतात, इव्हिनिंग करून आलेलीला दुसऱ्या दिवशी मॉर्निंग देत नाहीत, आणि वॉर्डमध्ये कोणी पेशंट दगावला की त्या सिस्टरला पंधरा मिनिटं बाहेर बसवून तिचे बेड स्वतः सांभाळतात. कोणी रडलं तरी तिथे कोणी काही बोलत नाही. याला पैसे लागले नाहीत. माणसं वाढवायला मात्र पैसे लागतात, आणि ते वरच्यांनाच करावं लागेल, आम्ही श्वास कितीही मोजला तरी ते होणार नाही.

म्हणून ज्या सीनियर्सनी हा मेसेज टाकलाय त्यांना हात जोडून सांगते, पुढे पाठवायच्या आधी आपल्या वॉर्डचा या महिन्याचा रोस्टर काढा, कितीजणींना डबल ड्युटी लागलीय आणि कितीजणींचा ऑफ कॅन्सल झालाय ते पेनने मोजा, आणि तो आकडा ग्रुपवर टाका.