चुंबक चिकटला म्हणून दोन दगड भाऊ होत नाहीत

'एकाच उल्केचे तुकडे घरच्या घरी ओळखा' हा मेसेज काल भाच्याने पाठवला, वर विचारतो, "मामा, माझे दोन्ही दगड एकाच उल्केचे ना?" आणि तोवर पठ्ठ्याने दोन्हींवर चुंबक घासून झालेला! नाहीतर असल्या फॉरवर्डच्या नादी मी लागत नाही.

तर आधी चुंबक. मेसेज म्हणतो दोन्हींना सारखाच चिकटला तर उल्का एकच. अहो, बहुतेक अशनींमध्ये, म्हणजे जमिनीवर पडलेल्या उल्केच्या दगडांमध्ये, लोखंड-निकेलचे कण असतात, चिकटणारच ना, त्यात नातं कुठून कळणार? वर नुकसान वेगळंच. अशा दगडात अब्जावधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण राहिलेली असू शकते आणि जोरदार चुंबक नुसता टेकवला तरी ती पुसली जाते. मंगळावरून आलेला 'ब्लॅक ब्युटी' नावाचा दगड घ्या, नोंदीतलं नाव एनडब्ल्यूए ७०३४. त्याच्या आणि त्याच्या जोडीच्या तुकड्यांमध्ये संशोधक मंगळाचं जुनं चुंबकत्व शोधायला गेले, हाती लागला कुणाच्या तरी हातातल्या चुंबकाचा ठसा. गेलं ते गेलं, परत येत नाही.

'एकाच जागी सापडले म्हणजे एकच.' अंटार्क्टिकात बर्फच वाहत वाहत वेगवेगळ्या काळातले दगड एका जागी आणून टाकतो, पुढे काय बोलणार.

रंगावरून ओळखायचं तर सोडाच. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कला पडलेले एकाच उल्केचे दगड फोडले तर काही आतून फिकट, काही काळेकुट्ट.

'लॅबने दोन्हींना एल६ म्हटलं की विषय संपला.' एल६, एच५ ही अशनींच्या प्रकारांची नावं. यात अर्धं तथ्य आहे, मान्य. एक एच५ आणि दुसरा एल६ निघाला तर बहुधा वेगळेच. पण एल६ ढिगाने सापडतात हो, आडनाव एक म्हणून कुणी सख्खे भाऊ होतं का? आणि 'प्रकार वेगळा म्हणजे उल्का नक्की वेगळी' हेही खोटं. ७ ऑक्टोबर २००८ ला सुदानच्या वाळवंटात २००८ टीसी३ हा लघुग्रह फुटला, तो आदल्या दिवशीच दुर्बिणीत दिसला होता. त्याचे अल्माहाता सित्ता नावाचे तुकडे बहुतेक युरेलाइट या प्रकारचे, पण त्यांच्यातच एन्स्टॅटाइट कॉन्ड्राइट आणि साधे कॉन्ड्राइट हे अगदी वेगळे प्रकारही निघाले. जुने दगड मिसळले असतील म्हणावं, तर अशा काही परक्या तुकड्यांतही लवकर संपणारे किरणोत्सारी समस्थानिक मिळाले, म्हणजे तेही नुकतेच पडलेले.

मग कळतं कसं? एक उदाहरण देतो. अंतराळात वैश्विक किरणांच्या माऱ्याने दगडात कार्बन-१४ बनतो, जमिनीवर आल्यावर ते जवळपास थांबतं आणि असलेला दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. एकात भरपूर, दुसऱ्यात नावापुरता, तर ते हजारो वर्षांच्या अंतराने पडले असतील. इथेही गोम आहे, मोठ्या उल्केच्या पोटातल्या तुकड्याला किरण मुळातच कमी लागतात, म्हणून सोबत बेरिलियम-१० मोजतात, तोही किरणांनीच बनतो पण फार हळू संपतो, त्यावरून मुळात किरण किती लागले ते कळतं. शिवाय खनिजांची रचना, अंतराळातल्या टकरींच्या धक्क्याच्या खुणा, सगळं जुळावं लागतं, आणि तरी अहवालात 'बहुधा एकच' असंच लिहितात.

भाच्याला म्हटलं, चुंबक फ्रिजला परत लाव.