टाका मारण्याआधी फोटो काढा

शाळेच्या बसच्या खांबाला, म्हणजे छत पेलणाऱ्या उभ्या पाइपला, तडा दिसला की आपल्याकडे उपाय ठरलेला आहे. रविवारी गॅरेजला लावायची, वेल्डिंगचा टाका मारून घ्यायचा, वरून रंगाचा हात फिरवायचा. सोमवारी सकाळी बस गेटवर हजर, आणि तड्याचा मागमूसही नाही. मिस्त्रीबद्दल माझी काही तक्रार नाही, तो त्याचं काम चोख करतो. तक्रार आहे ती पुरावा पुसला जातो त्याबद्दल.

एका बसला तडा गेला तर अपघात, गंज, ओव्हरलोड, काहीही कारण असू शकतं. पण एकाच वर्षी बांधलेल्या, एकाच मॉडेलच्या चार बसना त्याच खांबाच्या डोक्यावर, त्याच जोडात तडा असेल तर रस्त्याला आणि ड्रायव्हरला दोष देऊन भागत नाही. तो दोष बस बांधली तिथूनच आलेला असतो. अशा वेळी बस परत बोलावून फुकट दुरुस्त करून देणं हे उत्पादकाचं काम, त्यालाच रिकॉल म्हणतात. मात्र चार गावांतल्या चार मिस्त्रींनी चार टाके मारले की त्या चार तड्यांची गाठ कधीच पडत नाही.

अमेरिकेतलं कार्पेंटर बसचं प्रकरण यासाठी माहीत असावं. इंडियाना राज्यातल्या मिचेल गावात या कंपनीचा जुना कारखाना होता. (अंतराळवीर गस ग्रिसम याच गावचा. तरुणपणी काही काळ तो या कारखान्यात स्कूल बसना दारं बसवायचा.) २००३ साली फ्लोरिडात मिचेलला बांधलेली एक बस उलटली आणि छत खचलं. सांगाडा उघडून पाहिला तेव्हा छताचे वेल्डच सदोष निघाले. मग त्या कारखान्यातल्या इतर बस तपासायची वेळ आली. पण रिकॉल करणार कोण? कंपनी २००१ सालीच बंद पडली होती. शाळांच्या विभागांनी स्वतःच्या बस स्वतः उघडून बघितल्या, आणि अनेकांनी त्या सरळ सेवेतून काढल्या.

नियम नव्हते म्हणून हे झालं असंही नाही. १ एप्रिल १९७७ पासून तिथे स्कूल बससाठी दोन कडक मानकं लागू आहेत. एफएमव्हीएसएस (अमेरिकेची वाहन सुरक्षा मानकं) २२० प्रमाणे छतावर बसच्या रिकाम्या वजनाच्या दीडपट भार ठेवला तरी दाबाची पाटी १३० मिलिमीटरपेक्षा जास्त खाली जाता कामा नये, आणि त्या अवस्थेतही संकटकालीन दारं उघडली पाहिजेत. म्हणजे ७ टनांच्या बसवर साडेदहा टन. एफएमव्हीएसएस २२१ सांगतं की पत्र्यांच्या जोडाची ताकद, जोडलेल्यांपैकी कमजोर पत्र्याच्या किमान ६० टक्के हवी. कागदावर उत्तमच. पण चाचणी होते ती नमुन्याच्या बसवर. दुपारच्या पाळीत घाईने मारलेला वेल्ड त्या चाचणीला कधी सामोरा जातच नाही.

आता आपल्याकडे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर मालकाने तक्रार नोंदवायची. मोठ्या बस आणि ट्रकच्या बाबतीत वर्षाच्या विक्रीच्या ३ टक्के तक्रारी जमल्या की सक्तीच्या रिकॉलची प्रक्रिया सुरू होते. वाहन मात्र सात वर्षांच्या आतलं हवं.

ही सात वर्षांची अट मला बससाठी अजिबात पटत नाही. कारच्या एअरबॅगचा दोष पहिल्या दोन-चार वर्षांत कळेलही. वेल्डचा थकवा हळू चालतो. चॅसी, म्हणजे बसचा खालचा सांगाडा, प्रत्येक खड्ड्यात पिळवटते, तो पीळ वर खांबांत जातो, खांबातून छताच्या कमानीत, आणि हजारो फेऱ्यांनंतर वेल्डच्या कडेला केसाएवढी रेघ उमटते. ती डोळ्यांना दिसेपर्यंत बस सात-आठ वर्षांची झालेली असते. अमेरिकेत फुकट दुरुस्तीचा हक्क पहिल्या विक्रीपासून १५ वर्षं आहे. बससाठी आपल्याकडेही तेवढाच हवा.

त्यात आपली आणखी एक अडचण. चॅसी एका कंपनीची आणि बॉडी दुसऱ्याने बांधलेली असेल तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून दोन्हींचे नंबर हवेत. चॅसी नंबर आरसी बुकात मिळतो. बॉडी बांधणाऱ्याची छोटी पट्टी बसमध्येच कुठेतरी ठोकलेली असते, तिचा फोटो आजच काढून ठेवा. रंगकामात ती हमखास गायब होते.

बघायचं कुठे? मोठ्या खिडक्यांचे आणि दारांचे वरचे कोपरे, खांब छताला मिळतो ती जागा, खांब खाली फरशीच्या क्रॉस मेंबरला (आडव्या तुळईला) मिळतो ती जागा, आणि मागच्या संकटकालीन दाराची चौकट. छतावर नंतर एसी किंवा कॅरिअर चढवला असेल तर त्याच्या पायांखालच्या कमानी आधी. आतला पत्रा न काढताही बस बरंच काही सांगते. जोडातून खाली ओघळलेली तांबूस रेघ. रिवेटच्या डोक्याभोवती काळपट भुकटीचं कडं, म्हणजे रिवेट सैल होऊन घासतोय. एकच काच पुन्हा पुन्हा तडकणं. सपाट जागेवर नीट उघडणारं मागचं दार, बसचं एकच चाक उंचवट्यावर असलं की अडकणं. यांपैकी दोन खुणा एकाच जागी दिसल्या तर आतला पत्रा उतरवायलाच लावा. फिटनेसच्या तपासणीत तो कोणी उतरवत नाही.

शंका असेल तिथे डाय टेस्ट, म्हणजे रंग मुरवून तडा दाखवणारी चाचणी, करून घ्या, गावातही होते. रंग रिमूव्हरने काढायचा, ग्राइंडरने नव्हे. ग्राइंडर धातू पसरवून तड्याचं तोंडच बुजवतो. मग लाल डाय मारून १० ते १५ मिनिटं थांबायचं. क्लीनर कापडावर घेऊन पुसायचं, थेट जोडावर फवारला तर तड्यातला डायही धुऊन जातो. वरून पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर काही मिनिटांत लाल रेघ वर येते.

आणि इथेच थांबून फोटो. एक लांबून, कोणता खांब ते कळेल असा. एक जवळून, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. वहीत तारीख, किलोमीटर, चॅसी नंबर, बॉडीचा नंबर, बाजू, पुढून कितवा खांब, तड्याची लांबी आणि तिथे आधी कधी टाका मारला होता का. उत्पादकाला लेखी पत्र, पोर्टलवर तक्रार, शालेय परिवहन समितीच्या इतिवृत्तात नोंद. शेजारच्या शाळेकडे तेच मॉडेल असेल तर त्यांना तोच खांब बघायला सांगा. नुसत्या बाहेरच्या पत्र्याला चीर असेल तर दोन्ही टोकांना मार्करने खूण करून ती वाढते का ते बघता येईल. खांब, कमान किंवा क्रॉस मेंबर असेल तर बस त्याच दिवशी उभी करायची. परीक्षा आहे, सहल आहे, ही कारणं इथे चालत नाहीत.

यानंतर दुरुस्ती. बॅटरीच्या दोन्ही तारा आणि ईसीयूचे (इंजिनच्या संगणकाचे) कनेक्टर आधी काढा, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. तड्याच्या टोकाला ३-४ मिमीचं भोक, म्हणजे तो पुढे धावत नाही. तड्यावर व्ही खाच पाडून मुळापर्यंत वेल्ड भरायचा. नुसता वरून फिरवलेला टाका तीन महिन्यांत शेजारी पुन्हा फुटतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी घासून काढा, नाहीतर वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. जोडपट्टी लावायची तर तिची टोकं निमुळती हवीत. चौकोनी तुकडा ठोकला की पुढचा तडा त्याच्याच कडेला जातो. चॅसीच्या लाँग मेंबरला (लांब तुळईला) उत्पादकाच्या लेखी सूचनेशिवाय वेल्डिंग नाही.

अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी हे काम सोपं आहे. शाळेच्या वाहतूक विभागाकडून बसचा व्हीआयएन, म्हणजे १७ अंकाक्षरी ओळख क्रमांक, मागून घ्या आणि एनएचटीएसए या वाहतूक सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाका, उत्पादकाने तिथे माहिती दिली असेल तर दुरुस्ती बाकी असलेले रिकॉल दिसतील.

आपल्याकडच्या शाळांना आणखी एक विनंती. बस विकताना ही वही नव्या मालकाला द्या. शहरातून निघालेली बस पुढची पाच वर्षं तालुक्याच्या शाळेत धावते, आणि तिथे कोणता खांब बघायचा हे त्या वहीशिवाय कुणालाच कळणार नाही.